अडखळणारी गाडी आणि ‘केव्हा’ हा प्रश्न

सुमारे सात महिन्यांपूर्वी माझी गाडी वेग घेताना अडखळू लागली. थांबलेल्या स्थितीतून पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून अॅक्सिलरेटर दाबला की अर्धा-पाऊण सेकंद काहीच घडत नसे, इंजिनाचा आवाज क्षणभर बसल्यासारखा होई आणि मग एक आचका देऊन गाडी पुढे सरके. सुरुवातीला हे आठवड्यातून एखाद्या वेळी होत होते, म्हणून मी फारसे लक्ष दिले नाही. पण एकदा चौकात वळताना, समोरून ट्रक येत असताना, नेमक्या त्या क्षणी गाडीने दम सोडला आणि मी रस्त्याच्या मधोमध पाय दाबून वाट पाहत राहिलो. तो अर्धा सेकंद मला आजही आठवतो. वेग घेताना अडखळणारी गाडी ही गैरसोयीची बाब नसून धोक्याची बाब आहे, हे त्या दिवशी मला पुरते पटले आणि मी या दोषाचा शेवटपर्यंत माग काढायचे ठरवले.

हा माग काढायला मला जवळजवळ दोन महिने लागले. त्यातला बराचसा काळ चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेला. ‘काय बिघडले असेल?’ असे मी विचारत होतो. ‘नेमके केव्हा अडखळते?’ हा प्रश्न मी फार उशिरा विचारला. ज्यांच्या गाडीला असाच त्रास आहे त्यांना त्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करता यावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी शब्दांचा गोंधळ दूर केला पाहिजे, कारण ‘गाडीला पिकअप नाही’ या एका वाक्याखाली आपण चार-पाच वेगवेगळे विकार सांगत असतो. पॅडल दाबल्यावर क्षणभर काहीच न होणे आणि मग गाडीने जोर धरणे, हे अडखळणे. वेग वाढत असताना एकामागोमाग बारीक आचके बसत राहणे म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणे, ज्याला आपण मिसफायर म्हणतो. आचका न बसता गाडी एकंदरीतच जड वाटणे आणि ठरावीक वेगाच्या पुढे न जाणे, हे तिसरे लक्षण. आणि इंजिनाचे फेरे झरझर वाढले तरी वेग मात्र त्या प्रमाणात न वाढणे, हा इंजिनाचा दोषच नव्हे. तिथे क्लच घसरतो आहे किंवा स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये घसरण आहे. हा शेवटचा फरक टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे पाहून एका मिनिटात कळतो. तो न पाहता लोक थेट स्पार्क प्लग बदलायला निघतात, याचे मला वाईट वाटते.

आता अॅक्सिलरेटर दाबल्यावर आत काय होते ते पाहू. पेट्रोल इंजिनात पॅडलचा थेट संबंध हवेशी असतो. पॅडल दाबले की थ्रॉटलची झडप उघडते आणि इंजिनात जास्त हवा शिरते. पेट्रोल किती सोडायचे हे नंतर ठरते, आत आलेल्या हवेच्या मापावरून. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, आणि जोरात वेग घेताना अधिक ताकद मिळावी म्हणून हे प्रमाण १२.५ ते १३ पर्यंत आणले जाते, म्हणजेच मिश्रणातले पेट्रोल वाढवले जाते. अडचण अशी की हवा हलकी असल्यामुळे झडप उघडताच आत धावते, पण इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मार्गात, फवारलेल्या पेट्रोलचा काही भाग पोर्टच्या भिंतीवर ओला थर होऊन चिकटतो आणि सिलिंडरपर्यंत लगेच पोहोचत नाही. म्हणून झडप एकदम उघडली की काही क्षण मिश्रण लीन होऊ पाहते, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी स्थिती येते. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये ही उणीव भरून काढायला अॅक्सिलरेटर पंप नावाचा छोटा पंप असे, जो पॅडलबरोबर पेट्रोलची एक जादा पिचकारी मारत असे. त्याचा पडदा फाटला की गाडी हमखास अडखळे. इंजेक्शनच्या गाड्यांत हेच काम इंजिनाचा संगणक करतो. थोडक्यात, वेग घेण्याचा पहिला अर्धा सेकंद हा प्रत्येक पेट्रोल इंजिनाच्या कसोटीचा क्षण असतो, आणि हवा, पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी कशातही थोडी जरी उणीव असली तरी ती सर्वांत आधी तिथेच उघडी पडते.

माझी गाडी मी प्रथम नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. तिथे स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलले, थ्रॉटल बॉडी काढून तिच्यावरचे कार्बनचे किटण साफ केले, आणि गाडी परत दिली. या तिन्ही गोष्टी वाईट नव्हेत. प्लग तसेही बदलायला आले होते आणि थ्रॉटलच्या झडपेच्या कडेला काळा थर होताच. दोन दिवस मला वाटले की गाडी सुधारली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा एका चढावर अडखळली. पुढच्या भेटीत पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ झाले आणि त्यानंतरच्या भेटीत पेट्रोल पंप बदलून पाहू असा सल्ला मिळाला, तेव्हा मी थांबलो. कोणत्याही भेटीत एकही माप घेतले गेले नव्हते. भाग बदलण्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा हातात नसेल, तर गाडी सुधारली की आपल्याला सुधारल्यासारखी वाटते, हे ठरवता येत नाही.

मग मी एक वही केली. प्रत्येक वेळी गाडी अडखळली की वेळ, इंजिन थंड की गरम, कोणता गिअर, साधारण किती फेरे, रस्ता सपाट की चढाचा, पॅडल किती दाबले, टाकीत पेट्रोल किती, एसी चालू की बंद, एवढे लिहायचे. हे कंटाळवाणे काम आहे, पण मला मिळालेले उत्तर शेवटी याच वहीतून आले, म्हणून त्यातल्या नोंदींचा अर्थ कसा लावायचा ते जरा सविस्तर सांगतो.

इंजिन थंड असतानाच गाडी अडखळत असेल आणि तापल्यावर सुधारत असेल, तर संशय इनटेक व्हॉल्व्हवरच्या कार्बनच्या थरावर जातो, कारण तो थर स्पंजासारखा पेट्रोल शोषून घेतो. किंवा कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सर चुकीचे तापमान सांगत असतो आणि संगणक थंड इंजिनाला पुरेसे पेट्रोल देत नाही. उलट तापल्यावरच त्रास होत असेल तर ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी इग्निशन कॉइल, इंजिनाचे फिरणे टिपणारा क्रँक सेन्सर किंवा पेट्रोल पंप यांसारखे, उष्णतेने दुबळे होणारे विद्युत भाग तपासावेत. टाकीत पेट्रोल कमी असताना वळणावर किंवा चढावर त्रास वाढत असेल, तर पंपापर्यंत पेट्रोल पोहोचत नसावे. पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू करताना आणि पहिले काही मिनिटे अडखळत असेल, तर टाकीतील वाफ इंजिनाकडे नेणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच राहत असण्याची शक्यता मोठी असते. कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये, पॅडल खोल दाबल्यावर त्रास होत असेल तर ठिणगीकडे पाहावे, कारण तेव्हा सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त असतो आणि दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. दुबळी कॉइल रिकाम्या रेसवर, म्हणजे पॅडल न दाबता इंजिन नुसते चालू असताना, शहाण्यासारखी वागते आणि भार पडताच हार मानते. आणि जितके फेरे वाढतील तितकी गाडी जड होत जात असेल, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे किंवा सायलेन्सरच्या बाजूने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, तुंबला आहे.

माझ्या वहीत तीन आठवड्यांत एकोणीस नोंदी झाल्या. थंड-गरमचा फरक नव्हता, पेट्रोलच्या पातळीचा नव्हता, एसीचाही नव्हता. जवळजवळ सर्व नोंदी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या होत्या, सर्व पॅडल दाबल्यानंतरच्या पहिल्या सेकंदातल्या होत्या आणि दोन-तृतीयांश चढावरच्या होत्या. महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये एकदाही नाही. हे चित्र वर सांगितलेल्या कोणत्याच साच्यात नीट बसत नव्हते.

दरम्यान मी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या जोडणीत लावायचा एक साधा स्कॅनर घेतला. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांना ओबीडी-२ ही तपासणी पद्धत सक्तीची झाली आणि पुढे बहुतेक जगाने ती किंवा तिच्यासारखी पद्धत स्वीकारली, त्यामुळे आज कोणालाही आपल्या इंजिनाच्या संगणकाशी बोलता येते. माझ्या गाडीच्या संगणकाने एकही दोषसंकेत नोंदवलेला नव्हता. इथे अनेक जण निराश होऊन स्कॅनर बाजूला ठेवतात. पण दोषसंकेत म्हणजे संगणकाने काढलेला निष्कर्ष. तो निष्कर्ष ज्या आकड्यांवरून काढतो ते आकडे आपल्याला नेहमीच पाहता येतात, आणि माहिती खरी त्यांत असते.

या आकड्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो फ्युएल ट्रिम. संगणक आपल्या कोष्टकाप्रमाणे पेट्रोल सोडतो, मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पाहून त्यात टक्केवारीने वाढ किंवा घट करतो. क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम आणि अनुभवाने पक्की झालेली दुरुस्ती म्हणजे लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज शून्याच्या आगेमागे पाच टक्क्यांत असेल तर इंजिन सुखी आहे. दहाच्या पुढे गेली तर कारण शोधावे. अधिकचा आकडा म्हणजे मिश्रण लीन होते आहे आणि संगणक पेट्रोल वाढवतो आहे. उण्याचा आकडा म्हणजे उलट. याहून महत्त्वाचे आहे ते हा आकडा कोणत्या स्थितीत बिघडतो ते. थ्रॉटलच्या पुढे इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीला, गळती असेल तर रिकाम्या रेसवर ट्रिम खूप चढतो आणि फेरे वाढवल्यावर उतरतो, कारण गळतीतून येणारी थोडी हवा तेव्हा एकूण हवेच्या मानाने नगण्य होते. पेट्रोलचा पुरवठा अपुरा असेल किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळला असेल, तर रिकाम्या रेसवर सर्व ठीक दिसते आणि भार वाढला की ट्रिम चढतो. एवढ्या एका तुलनेने संशयितांची अर्धी यादी गळून पडते.

माझी मुलगी शेजारी बसून आकडे टिपत होती, मी गाडी चालवत होतो. गाडी चालवता चालवता पडद्याकडे पाहण्याचा मोह कोणीही करू नये. रिकाम्या रेसवर दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक ४, स्थिर वेगाने जाताना अधिक ५. दोन्ही उत्तम. मात्र पहिल्या गिअरमध्ये हळुवार पॅडल दाबून निघताना शॉर्ट टर्म ट्रिम क्षणात अधिक २२ पर्यंत उडाला आणि दोन सेकंदांत खाली आला. त्याच क्षणी ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज, जे एरवी ०.१ आणि ०.९ यांच्या दरम्यान सतत वरखाली नाचत असते, ते ०.१ वर चिकटून बसले होते. (हे जुन्या पद्धतीच्या सेन्सरबद्दल आहे; वाइडबँड सेन्सर असलेल्या गाड्यांत आकडे वेगळे दिसतात.) एक व्यावहारिक गोष्ट इथे सांगायलाच हवी: साधे स्कॅनर एका वेळी थोडेच आकडे लवकर वाचू शकतात, म्हणून पडद्यावर बारा आकडे मांडले तर प्रत्येक आकडा इतक्या सावकाश बदलतो की अर्ध्या सेकंदाची घटना निसटून जाते. आम्ही तीनच आकडे ठेवले तेव्हा ती दिसली.

म्हणजे त्या क्षणी मिश्रण लीन होत होते. पण इथेही घाई करून चालत नाही. मिश्रण न पेटता बाहेर गेले तरी त्यातला न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो ‘लीन’ असेच सांगतो, म्हणून ठिणगीचा दोष या खुणेने सुटत नाही. माझ्या बाबतीत प्लग नवे होते, कॉइल एकमेकींच्या जागी बदलून पाहिल्या तरी काही फरक पडला नाही आणि संगणकाच्या मिसफायरच्या मोजणीत शून्य होते, म्हणून मी ठिणगी बाजूला ठेवली.

पुढची पाळी पेट्रोलची. दाबाचे मीटर लावण्याचे काम मी स्वतः केले नाही. पेट्रोलची नळी दाबाखाली असते, ती उघडण्याआधी दाब उतरवावा लागतो आणि जवळ गरम इंजिन असते, त्यामुळे ते अनुभवी मेकॅनिककडूनच करून घेतले. पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत हा दाब सामान्यतः ३ ते ४ बार असतो. माझ्या गाडीत तो साडेतीन बारच्या आसपास होता आणि, महत्त्वाचे म्हणजे, गाडी अडखळली त्या क्षणीही तो हलला नाही. रिकाम्या रेसवर दाब बरोबर दिसला म्हणून पंप चांगला ठरत नाही. जेव्हा त्रास होतो तेव्हा माप घ्यावे लागते. पंप बदलण्याचा सल्ला मी ऐकला असता तर एक चांगला पंप काढून दुसरा चांगला पंप बसवला गेला असता.

एमएएफ सेन्सरमध्ये एक तापवलेली बारीक तार असते. जाणारी हवा तिला थंड करते आणि तिला गरम ठेवायला लागणाऱ्या विजेवरून हवेचे वजन कळते. तारेवर धुळीचा किंवा तेलाचा थर बसला की सेन्सर हवा कमी दाखवतो, आणि हे अडखळण्याचे फार नेहमीचे कारण आहे. तो केवळ त्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने, तारेला स्पर्श न करता, साफ करावा आणि पूर्ण सुकू द्यावा. कार्ब्युरेटर किंवा ब्रेक साफ करायचा स्प्रे वापरू नये. माझा सेन्सर तसा स्वच्छच होता, साफ करूनही आकड्यांत फरक पडला नाही. थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सरही, इंजिन बंद ठेवून पॅडल अगदी सावकाश दाबत गेल्यावर, कुठेही न तुटता एकसारखा चढला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असता तर उंच फेऱ्यांवर त्रास वाढला असता, आणि तिथे तर गाडी छान पळत होती.

उरली गळती. इंजिन रिकाम्या रेसवर ठेवून सर्व नळ्यांची तपासणी झाली, धूर सोडून पाहण्याची चाचणीही झाली. कुठेही काही नाही. इथे मी खरोखर अडलो, आणि दोन आठवडे वहीत नुसत्या नोंदी वाढत गेल्या.

ज्या वाक्याने गाठ सुटली ते माझे नव्हते. इमारतीखालच्या वाहनतळातून बाहेर पडणारा चढाचा रस्ता अरुंद आहे आणि एक दिवस तिथे समोर गाडी उभी असल्यामुळे मला तोच चढ रिव्हर्समध्ये चढावा लागला. वर आल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, मागे जाताना गाडी कधीच अडखळत नाही.” मी वही उघडली. रिव्हर्सची एकही नोंद नव्हती. आम्ही लगेच तोच चढ सहा वेळा पुढच्या आणि सहा वेळा मागच्या दिशेने चढलो, पॅडल शक्य तितके सारखे दाबून. पुढे जाताना सहापैकी पाच वेळा गाडी अडखळली. मागे जाताना एकदाही नाही.

पेट्रोल, ठिणगी आणि सेन्सर यांना गाडी कोणत्या दिशेला जाते आहे याच्याशी काही कर्तव्य नसते. दिशा बदलल्यावर बदलते ती एकच गोष्ट: इंजिन स्वतः कोणत्या बाजूला कलते ती. चाकांना फिरवणाऱ्या जोराची उलट प्रतिक्रिया इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यावर येते. माझ्या गाडीत इंजिन आडवे बसवलेले असून पुढची चाके फिरतात. अशा गाडीत पुढे जोर घेताना इंजिनाचा वरचा भाग मागे, केबिनच्या भिंतीकडे झुकतो, आणि रिव्हर्समध्ये पुढे झुकतो. हा जोर पहिल्या गिअरमध्ये सर्वांत जास्त असतो आणि पाचव्यात फारच कमी. वहीतले सर्व काही एकदम जागेवर बसले: पहिला-दुसरा गिअर, चढ, निघतानाचा पहिला सेकंद, आणि महामार्गावरची शांतता.

एअर फिल्टरची पेटी गाडीच्या सांगाड्याला पक्की असते आणि थ्रॉटल बॉडी इंजिनाला. या दोहोंमध्ये रबराची एक जाड नळी असते, जिच्या अंगावर इंजिनाची हालचाल सामावून घेण्यासाठी घड्या ठेवलेल्या असतात. माझ्या गाडीत पेटी पुढच्या बाजूला आहे, म्हणजे इंजिन मागे झुकले की ही नळी ताणली जाते. मी दोन्ही पट्ट्या सैल करून नळी बाहेर काढली. वरून ती नव्यासारखी दिसत होती. हाताने वाकवली तेव्हा खालच्या बाजूच्या एका घडीत, जिथे बॉनेट उघडून पाहणाऱ्याची नजर कधीच पोहोचत नाही, बोटभर लांबीची चीर उघडली. नळी सोडली की चीर मिटत होती. इंजिनावर जोर नसताना ती मिटलेली असल्यामुळे धुराच्या चाचणीला सापडली नव्हती. गाडी जोर घेताना ती उघडत होती, आणि एमएएफ सेन्सर पेटीजवळ असल्यामुळे त्याच्या पलीकडून, न मोजता हवा आत शिरत होती. संगणक आपल्याला माहीत असलेल्या हवेपुरतेच पेट्रोल सोडत होता. दोन सेकंदांत ट्रिमने उणीव भरून काढली किंवा इंजिन सावरून चीर मिटली, की सर्व पूर्ववत. ज्या गाड्यांत हवेचे वजन न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, त्यांत थ्रॉटलच्या अलीकडे अशी चीर पडली तर असा त्रास होत नाही. त्यामुळे आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी पाहून मगच या नळीवर संशय घ्यावा.

नळी बदलून मी मोकळा झालो असतो, पण घड्या असलेले रबर एकाच जागी का फाटावे, हा प्रश्न उरला होता. गाडी मोकळ्या जागेत, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही लावून, चाकांना अडण्या देऊन उभी केली. मेकॅनिकने पहिल्या गिअरमध्ये क्लच क्षणभर थोडासा पकडू दिला आणि मी गाडीच्या पुढे न येता बाजूने पाहत राहिलो. ही चाचणी करताना गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहता कामा नये. इंजिन मागे इतके कलले की मी चकित झालो. इंजिनाच्या खालच्या बाजूला, त्याची ही झुलण्याची हालचाल रोखण्यासाठी जो आडवा दांडा असतो, त्याच्या माउंटिंगचे रबर पूर्ण फाटले होते. कित्येक महिन्यांपासून क्लच सोडताना पायाखाली एक ‘ठक्’ असा आवाज येत होता आणि मी तो सस्पेन्शनचा समजून सोडून दिला होता. तो याच दांड्याचा आवाज होता. नुसती नळी बदलली असती तर नवी नळीही त्याच घडीत फाटली असती.

माउंटिंग आधी बदलले, मग नळी. तात्पुरता उपाय म्हणून चिरेवर चिकटपट्टी गुंडाळण्याचा सल्ला काही जण देतात. गाडी घरापर्यंत आणायला तो ठीक आहे, पण पट्टीचा तुकडा सुटून आत ओढला गेला तर तो थेट थ्रॉटलमध्ये जातो, हे लक्षात घ्यावे. नव्या नळीच्या पट्ट्या आवळताना नळी थ्रॉटल बॉडीच्या कंगोऱ्यावर पूर्ण बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहिले. अर्धवट बसलेली नळी म्हणजे दुसरी गळतीच.

याच सुमारास माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीतही तसाच दोष आहे असे वाटून त्यांनी मला बोलावले. त्यांची गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर पॅडल खोल दाबल्यावर आचके देत होती आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. तो दिवा स्थिर पेटला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते, पण लुकलुकत असेल तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळत असते, म्हणून लगेच पाय काढून गाडी थांबवावी. स्कॅनरवर पी०३०३ हा संकेत होता, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. आम्ही तिसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरच्या कॉइल एकमेकींच्या जागी बसवल्या. संकेत पी०३०१ झाला, दोष कॉइलबरोबर सरकला, आणि एक कॉइल बदलून काम अर्ध्या तासात संपले. तिथे नळीकडे पाहण्याची गरजच पडली नाही.

टर्बो असलेल्या गाड्यांत टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या दाबाच्या नळ्यांना सुटलेली पट्टी किंवा चीर हा पहिला संशयित मानावा, आणि टर्बोला फिरू लागायला लागणारा स्वाभाविक वेळ हा दोष समजू नये. डिझेलमध्ये इंधनाचा फिल्टर आणि रेलचा (इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या सामायिक नळीचा) दाब यांपासून सुरुवात करावी.

माझ्या गाडीत दुरुस्तीनंतर मी संगणकाची जुनी शिकवण पुसली नाही. लाँग टर्म ट्रिमने स्वतःहून काय शिकावे हे मला पाहायचे होते. पहिल्या आठवड्यात बेरीज अधिक ४ वरून अधिक २ वर आली आणि तिथेच स्थिरावली. वाहनतळाच्या त्याच चढावर, तेच तीन आकडे पडद्यावर ठेवून आम्ही पुन्हा बारा फेऱ्या केल्या. निघताना शॉर्ट टर्म ट्रिम अधिक ६ च्या वर गेला नाही, ऑक्सिजन सेन्सर एकदाही तळाशी चिकटला नाही आणि पायाखालचा ‘ठक्’ आवाजही बंद झाला. वहीत त्यानंतर पाच महिन्यांत एकही नोंद नाही. फाटलेली नळी मी टाकून दिलेली नाही. ती कपाटात आहे, आणि कोणी गाडी अडखळते म्हणून विचारायला आले की मी ती त्यांच्या हातात देऊन वाकवून पाहायला सांगतो.